सायटोकाइन आणि वाढलेली वेदना

सायटोकाइन म्हणजे इम्यून सिस्टीमच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती छोटी प्रोटीन्स. त्यांना कधीकधी रोगप्रतिकारशक्तीचे हार्मोन्स म्हणतात, ते काटेकोर बघितलं तर बरोबर नाही, कारण ती कुठल्या एका ग्रंथीतून येत नाहीत आणि बऱ्याचदा आजूबाजूलाच काम करतात, पण रक्तातून लांबवर जातात तेही खरंय. यातली टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा आणि इंटरल्यूकिन-६ ही दुखणं वाढवण्यात सगळ्यात पुढे.

तापात अंगावरची चादरसुद्धा नकोशी होते, केसांतून कंगवा फिरवला तरी दुखतं, ते यांच्यामुळे. एरवी न दुखणारी गोष्ट दुखायला लागली तर तिला अ‍ॅलोडिनिया म्हणतात, आणि थोडं दुखायचं ते फार दुखलं तर हायपरअल्जेसिया.

होतं असं की सूज आलेल्या जागी या प्रोटीन्समुळे कॉक्स-२ नावाचं एन्झाइम वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि ते नर्व्हच्या टोकांना हळवं करून ठेवतं. तिथे टीआरपीव्ही-१ नावाचं एक चॅनल, म्हणजे नर्व्हवरचं एक छोटं दार, असतं, साधारण ४३ अंशांना उघडणारं (मिरचीचा तिखटपणा पण यालाच कळतो!). सुजलेल्या भागात ते त्याहून कमी तापमानालाच उघडतं, म्हणून उन्हाने भाजलेल्या पाठीवर नेहमीचं कोमट पाणीसुद्धा चटका देतं. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ चं नोबेल त्यांना दोघांसोबत विभागून मिळालं. १९८८ मध्ये ब्राझीलच्या सेर्जिओ फेरेरांच्या टीमने दाखवलं की इंटरल्यूकिन-१ बीटाचा अगदी चिमूटभर डोससुद्धा उंदरांच्या पायाची वेदना वाढवतो.

हे फक्त जखमेपुरतं राहत नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूत मायक्रोग्लिया (तिथल्या इम्यून पेशी) स्वतःच सायटोकाइन सोडायला लागतात आणि मग मूळ दुखापत भरली तरी दुखणं चालूच राहू शकतं. महाराष्ट्रात २००६ च्या साथीत चिकनगुनिया झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको, ताप गेला तरी सांधे काही सोडत नव्हते. अशा रेंगाळणाऱ्या सांधेदुखीत इंटरल्यूकिन-६ वाढलेलं सापडलंय.

संधिवातात टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं देतात. २०११ मधल्या एका जर्मन अभ्यासात सांध्याची सूज उतरायच्या आधीच, २४ तासांत, मेंदूतली वेदनेची हालचाल कमी झालेली दिसली. पण टीएनएफ टीबीलाही दाबून ठेवतं, त्यामुळे हे इंजेक्शन सुरू करायच्या आधी टीबीची टेस्ट करून घेतात.