रक्तातलं कॅल्शियम वेगळं, धमनीतलं वेगळं

‘रक्तात कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हृदयाच्या धमन्या साफ’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. रक्तात असतं तेही कॅल्शियम आणि धमनीच्या भिंतीत साचतं तेही कॅल्शियम, दोन्हीकडे नाव एकच, त्यामुळे गफलत होणं स्वाभाविक आहे. पण तेवढ्यावर निर्धास्त राहणं धोक्याचं ठरू शकतं.

शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्यापैकी रक्तातलं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. ते जरा घसरलं, की गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन वाढतं, हाडांतून कॅल्शियम रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे फारसं जाऊ देत नाहीत. म्हणूनच धमन्या कशाही असल्या, तरी हा आकडा बहुतेकांचा साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्येच राहतो.

धमनीत वेगळंच घडतं. भिंतीत कोलेस्टेरॉल साचतं, तिथे सूज राहते आणि त्या थरात हळूहळू कॅल्शियम मुरतं. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वाढतं वय याला हातभार लावतात.

पडताळायचं असेल तर स्वतःचा रिपोर्ट काढून बघा. रक्तातल्या कॅल्शियमपुढे ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’ असं एकक दिसेल. धमनीतलं कॅल्शियम रक्त काढून कळतच नाही, त्यासाठी छातीचा सीटी स्कॅन करतात. त्याचा स्कोअर शून्यापासून सुरू होतो आणि शेकड्यांत, हजारांतही जाऊ शकतो.

हा स्कोअर शून्य आला तरी कॅल्शियम न धरलेले मऊ थर असू शकतात. त्यामुळे चालताना छाती भरून येत असेल, तर कुठल्याही आकड्यावर विसंबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.