ऊद कुणाला शोभतो?

मोहम्मद अली रोडवरच्या दुकानात ऊदाच्या अत्तराचा फाया माझ्या मनगटावर टेकवत दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये हर किसी पे नहीं जँचता. जो कम बोलते हैं, जिनका रुतबा होता है, उनका अत्तर है ये." मी अजिबात कमी बोलत नाही. तरी क्षणभर बरं वाटलंच. मग मशीद बंदरला ठाण्याची स्लो पकडली, आणि भायखळ्याला शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठे पूजेला गेला होतात का?"

बाईंचं नाक भाषेला धरून होतं. उदबत्तीतला 'उद' म्हणजे हाच ऊद, आणि अगरबत्तीतला 'अगर'ही हाच. एक नाव अरबीतून आलं, तिथे त्याचा अर्थ नुसता 'लाकूड'. दुसरं संस्कृत अगरूवरून. गंमत अशी, की आजच्या साध्या उदबत्तीत बहुतेक वेळा कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, चिकटवणारी जिगट पूड आणि कारखान्यातला सुगंध असतो. ऊद फक्त नावापुरता. बाळ-बाळंतिणीच्या धुरीसाठी निखाऱ्यावर टाकतात तो 'ऊद'ही बहुधा लोबानासारखी राळ असते, वेगळ्याच झाडाची.

खरा ऊद ही झाडाची जखम आहे. आसामात ज्याला सांची म्हणतात त्या अ‍ॅक्विलेरिया वंशातल्या झाडाचं निरोगी लाकूड फिकट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. (याच झाडाच्या सालीवर तिकडे पूर्वी पोथ्या लिहीत.) झ्यूझेरा नावाच्या पतंगाची अळी खोड पोखरते, त्या भोकांतून बुरशी शिरते, आणि झाड तिला अडवायला राळ तयार करू लागतं. वर्षानुवर्षं ती लाकडात मुरत जाते, लाकूड काळपट आणि इतकं जड होतं की चांगला तुकडा पाण्यात बुडतो. बाहेरून पाहून आत राळ आहे की नाही हे सहज कळत नाही, म्हणून जंगलात सरसकट झाडं तोडली गेली. अखेर 1995 मध्ये आसामात आढळणारी जात आणि 2005 मध्ये उरलेल्या जातीही 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत गेल्या. आज आसामात होजाई हे या धंद्याचं मोठं केंद्र आहे आणि परसातही सांचीची झाडं लावतात.

लाकडाचे तुकडे बरेच दिवस पाण्यात भिजवून मग वाफेतून तेल काढतात. त्या आंबण्यातून येणारा वास काहींना थेट गोठ्याची आठवण करून देतो. लाकूड जाळलं तर मात्र वेगळाच, गोडसर वास येतो, कारण त्यातले क्रोमोन हे जड रेणू वाफेबरोबर फारसे वर येत नाहीत. ते उष्णतेने फुटतात तेव्हा कुठे सुगंध सुटतो. म्हणजे धूर आणि तेल एकाच लाकडाचे, पण वास दोन.

गाडी कुर्ल्याला पोचेपर्यंत माझ्या मनगटावरचा गोठा विरला होता आणि उरलं होतं कोरडं, किंचित गोड लाकूड. लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनच्या रेणूत 10 कार्बन अणू असतात, तो भुर्रकन उडतो. ऊदातल्या सेस्क्विटर्पीन रेणूंत 15 असतात. ते जड, सावकाश उडणारे. म्हणून मुंबईच्या उकाड्यात, गच्च भरलेल्या डब्यात, एक थेंब पुष्कळ झाला. दोन म्हणजे शेजाऱ्यांवर अन्याय.

आता त्या 'रुतब्या'कडे येऊ. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून कागद दिला. मुलांनी त्याच्या अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांच्या हातात मजकूर एकच होता, आणि तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. 'गूढ, खंबीर, मनस्वी लोकांसाठी' असं सुगंधाच्या खोक्यावर छापलेलं असतं ते याच जातीचं. मनस्वी नाही असं स्वतःबद्दल कोण म्हणेल?

पण सगळंच थोतांड नाही. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये एक निष्कर्ष मांडला. माणसाच्या अंगाच्या वासात त्याने स्वतः निवडलेलं अत्तर मिसळलं, तर हुंगणाऱ्यांना ते मिश्रण, दुसऱ्याने निवडून दिलेल्या अत्तराच्या मिश्रणापेक्षा जास्त आवडलं. नुसती अत्तरं हुंगली तर दोन्हींत फरक नव्हता. म्हणजे शोभणं असतं, पण ते स्वभावाशी नाही, कातडीशी. शिवाय हुंगणाऱ्याचं नाकही सारखं नसतं. माणसाकडे वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) असतात आणि त्यांची जनुकं माणसागणिक थोडी बदलतात. घामातला अँड्रोस्टेनोन हा एकच रेणू कुणाला मुतारीसारखा, कुणाला व्हॅनिलासारखा वाटतो, तर कुणाला येतच नाही.

आणखी एक प्रयोग मला जास्त आवडतो. 2009 मध्ये इंग्लंडमध्ये काही तरुणांना सुवासिक डिओ दिला, काहींना बिनवासाचा. मग त्यांच्या आवाजाविना चित्रफिती बायकांना दाखवल्या. वास पोचण्याचा प्रश्नच नव्हता, तरी सुवासिकवाले त्यांना अधिक आकर्षक वाटले. स्थिर फोटोत मात्र हा फरक दिसला नाही. बदलली होती ती त्यांची वागण्याची ढब.

ओढणीला तिसऱ्या दिवशीही वास होता. शनिवारी परत गेले आणि तीन मिलीची कुपी घेतली. मिश्रणच, शुद्ध ऊद माझ्या खिशाबाहेरचा. भाव करताना नेहमीपेक्षा कमी बोलले, हे घरी आल्यावर लक्षात आलं.