बिल परवडत नाही, की बिल मान्य नाही?

वीज तोडायला वायरमन दारात आला की तोंडून एकच वाक्य निघतं, "अहो, एवढं बिल आलंच कसं?" त्यात दोन वेगळी गाऱ्हाणी गुंतलेली असतात. हातात पैसे नाहीत, हे एक. आकडाच चुकलाय, हे दुसरं. दोन्हींचे अर्ज वेगळे.

म्हणून आधी बिल घेऊन मीटरपाशी जा.  महावितरणच्या बिलावरचं 'चालू रीडिंग' आणि आत्ता मीटरवर दिसणारा आकडा ताडून बघा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग बंद होतं, सरासरीची बिलं आली आणि जूनमध्ये साठलेल्या युनिटांचं एकत्र बिल हातात पडलं. लोक हादरले. पण बऱ्याच घरांत वापर खरा होता, उन्हाळा आणि सगळी माणसं घरात. तिथे गरज हप्त्यांची होती, आणि तीन हप्त्यांची सवलत मिळालीही.

आकडा बरोबर असेल तर उपविभाग कार्यालयात हप्त्यांचा अर्ज द्या. दरमहा किती जमेल ते स्पष्ट लिहा. हप्ते पाडून देणं बहुधा अधिकाऱ्यांच्या हातात असतं, म्हणून तारीख उलटण्याआधी जा. हप्त्यासोबत चालू बिलही भरावं लागतं, हे हिशेबात धरा.

आकडा चुकला असेल तर मात्र घाईने हप्ते मागू नका. पुढे "तुम्ही बिल मान्य केलंत" असं ऐकावं लागू शकतं. इथे वीज कायदा 2003 चं कलम 56 कामाला येतं. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून', म्हणजे बिल मान्य नाही असं सांगून, भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. समजा बिल 8,400 रुपयांचं आलं आणि सहा महिन्यांची सरासरी 900 आहे, तर त्या महिन्याचे 900 भरायचे. फक्त मोबाइलवरून पैसे भरून निषेध नोंदला जात नाही. सोबत उपविभाग कार्यालयात लेखी पत्र द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. तो कागद माझ्या मते पावतीइतकाच मोलाचा आहे. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

गाऱ्हाणं कुठलंही असो, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वायरमन आला तर नोटिशीची तारीख विचारा, आणि शिक्क्याची प्रत दाखवा.