मेंदूवैविध्य आणि कामाची जागा

मेंदूवैविध्य आणि कामाची जागा : विचार करण्याच्या, शिकण्याच्या आणि आवाज-प्रकाश झेलण्याच्या माणसामाणसांतील भिन्न पद्धती स्वाभाविक मानून कामाची आखणी करण्याचा विचार. स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकवणे व स्वस्थ राहणे कठीण जाण्याची अवस्था), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात येणारी अडचण) इ. अवस्था यात येतात. कार्यालयांत ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हाच शब्द रुळला आहे.

या संज्ञेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या १९९८ मधील प्रबंधाला तिचे श्रेय बराच काळ दिले गेले. त्याच वर्षी हार्वी ब्लूम यांनी ‘द अटलांटिक’ या अमेरिकन नियतकालिकातील लेखात ती वापरली. मात्र ‘न्यूरॉलॉजिकल डायव्हर्सिटी’ हा प्रयोग टोनी लँगडन यांच्या १९९६ मधील लेखनात आढळतो आणि ही कल्पना स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतील चर्चेतून घडली, असे संशोधक मोनिक बोथा व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडले. हे मत अधिक ग्राह्य वाटते; स्वमग्नता माणसापासून वेगळी काढता येत नाही, हे स्वमग्न कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्येच सांगितले होते. अशा भिन्न पद्धतीच्या व्यक्तीसाठीचे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हे विशेषण कॅसियान असासुमासू यांनी २००० च्या सुमारास रूढ केले असावे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा मुख्य आधार होय. त्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया इ.) आहेत. एडीएचडीचे नाव नाही, ही मोठी उणीव आहे. कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनांनी कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरवायच्या असतात. कलम २१ चे समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही लागू आहे. त्यामुळे नागपुरात मुख्यालय असलेल्या वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) व मॉइल या सरकारी खाण कंपन्यांवर दोन्ही जबाबदाऱ्या येतात, तर तेथील मिहान या औद्योगिक प्रकल्पातील खासगी आयटी कंपन्यांवर दुसरी.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कार्यालयांत कूलरची घरघर दिवसभर चालते. इतरांच्या ती कानांवरही येत नाही; आवाज सहन न होणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र तिच्याशेजारी बसून फाइल वाचणे जमत नाही. त्रास लपवत, चारचौघांसारखे वागत राहिल्याने तो संध्याकाळपर्यंत गळून जातो. त्याचे टेबल हलवणे, हेडफोन लावू देणे, साहेबांनी जाता जाता सांगितलेले काम दोन ओळींत लिहून देणे, या सोयींना खर्च जवळजवळ नाही. त्यांसाठी प्रमाणपत्र मागत बसू नये. नागपुरात होणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाची घडी एकदम बदलते. अशा वेळी ड्युटीची जागा व वेळ आधी लेखी कळवणे स्वमग्न कर्मचाऱ्याला विशेष उपयोगी पडते.