दांड्याची करवत : निवड

दांड्याची करवत : जमिनीवर उभे राहून झाडाच्या उंचावरच्या फांद्या कापण्यासाठी वापरले जाणारे, हाताने चालवायचे छाटणीचे अवजार. लांब दांडा, त्याच्या टोकाला बसवलेले बाकदार पाते आणि या दोहोंना तसेच दांड्याच्या भागांना एकमेकांशी जोडणारे सांधे एवढीच तिची रचना असते. इंजिन किंवा मोटर नसल्याने तिला इंधन, तारा वा बॅटरी लागत नाही, आवाज होत नाही आणि टोकाकडचे वजन मोटरच्या करवतीपेक्षा पुष्कळच कमी राहते. शिडीवर उभे राहून, एका हाताने आधार धरून दुसऱ्या हाताने करवत चालवणे हे छाटणीतील अत्यंत धोक्याचे काम आहे. ते टाळता येणे हा या अवजाराचा सर्वांत मोठा उपयोग होय. मात्र निवड चुकली, तर हेच अवजार हातात डुलते, खाचेतून निसटते आणि फांदी कापण्याऐवजी तिची साल सोलून ठेवते. निवडताना बहुतेक लोक प्रथम कमाल लांबी पाहतात. प्रत्यक्षात पाहायचे असते ते आपल्याला लागणाऱ्या लांबीवर पाते किती ताब्यात राहते हे.

ही करवत जवळजवळ नेहमी ओढताना कापते आणि यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. लांब, सडपातळ वस्तू टोकाकडून ढकलली की बाजूला वाकते. ओढली की ताणली जाऊन सरळ होते. ही गोष्ट दांड्याला जेवढी लागू आहे तेवढीच पात्यालाही. पात्याचे दाते मुठीकडे झुकवले, म्हणजे कापण्याचा सगळा जोर ओढीवर येतो, पाते वाकण्याची भीती उरत नाही आणि म्हणून ते पातळ ठेवता येते. पातळ पात्याची खाच अरुंद पडते, लाकडाचा भुसा कमी निघतो आणि तेवढेच श्रम वाचतात. पात्याचा बाकही याच कामासाठी असतो. दांडा बराचसा उभा धरलेला असताना सरळ पाते फांदीवरून नुसते खाली घसरते. बाकदार पाते मात्र खाली ओढताच फांदीला कवेत घेते आणि दाते आपोआप लाकडात रुततात. अवजाराच्या स्वतःच्या वजनाचा काही भागही पात्यामार्फत फांदीवर पडत असल्याने वेगळा दाब द्यावा लागत नाही. उंचावरच्या कामासाठी ठळक बाक आणि खांद्याच्या आसपासच्या फांद्यांसाठी कमी बाक, असा सर्वसाधारण हिशोब आहे.

लांबीचा विचार करताना दांडा कधीच उभा सरळ धरायचा नसतो हे आधी लक्षात घ्यावे लागते. फांदीच्या बरोबर खाली उभे राहणे म्हणजे ती अंगावर घेणे होय. दांडा जमिनीशी ६० अंशांच्या कोनात तिरपा धरला, तर त्याच्या लांबीपैकी सुमारे ८७ टक्केच उंचीच्या रूपाने मिळते. ४ मीटरच्या दांड्याचे खालचे टोक कमरेजवळ, म्हणजे साधारण १ मीटर उंचीवर असेल, तर पाते सुमारे साडेचार मीटर उंचीपर्यंत पोहोचते आणि कापणारा फांदीच्या लंबरेषेपासून २ मीटर बाजूला उभा असतो. तोच दांडा ७५ अंशांपर्यंत उभा केला, तर उंची जेमतेम ४० सेंटिमीटर वाढते. उलट ते बाजूचे अंतर २ मीटरवरून जवळपास १ मीटरवर येते. थोड्या उंचीसाठी निम्मे अंतर गमावण्याचा हा सौदा कधीच फायद्याचा नसतो. म्हणून आपल्या झाडांच्या ज्या फांद्या खरोखर कापायच्या आहेत त्यांची उंची आधी मोजावी आणि तिरपा कोन धरून लागणारी लांबी काढावी. वेष्टनावर छापलेली ‘पोहोच’ आणि दांड्याची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहोचीच्या आकड्यात पात्याची लांबी आणि कित्येकदा माणसाची उंचीही धरलेली असते, तेव्हा तुलना नेहमी पूर्ण उघडलेल्या दांड्याच्या लांबीची करावी.

जास्तीची लांबी जवळ असलेली बरी, हा समज महागात पडतो. एका टोकाला घट्ट धरलेल्या आणि सर्वत्र सारख्या जाडीच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तेच वजन असताना त्याची लांबी दुप्पट केली, तर वाक आठपट होतो. सरकत्या दांड्यात प्रत्येक पुढचा भाग आधीच्या भागाच्या पोटात मावायचा असल्याने अधिकाधिक बारीक होत जातो आणि नळीचा ताठपणा तर व्यास थोडा घटला तरी झपाट्याने कमी होतो. परिणामी पूर्ण उघडलेल्या दांड्याला हाताने दिलेली ओढ आधी त्याचा वाक सरळ करण्यातच खर्च होते. हात खाली येतो, पाते क्षणभर जागेवरच राहते आणि मग एकदम हिसका देऊन सरकते. खाच धरण्याच्या सुरुवातीच्या दोन-चार ओढींत, पाते अजून लाकडात बसलेले नसताना, हे डुलणे सर्वांत जास्त जाणवते; टोक फांदीवरून उडते आणि शेजारच्या चांगल्या फांदीची साल खरवडून जाते. कामाला पुरेल एवढी लांबी, तीही शेवटचा भाग पूर्ण न उघडता मिळत असेल, तर ती निवड उत्तम म्हणावी. ज्यांच्याकडे बहुतेक काम तीन-साडेतीन मीटर उंचीचे आहे त्यांना सहा मीटरच्या करवतीचा त्रासच अधिक होतो, कारण मिटवल्यावरही तिचा दांडा जाड, जड आणि गैरसोयीचा असतो. किमान लांबीसुद्धा म्हणूनच पाहावी.

दांडा ॲल्युमिनियम, फायबरग्लास, कार्बन फायबर, लाकूड किंवा बांबू यांपैकी कशाचा तरी असतो. ॲल्युमिनियम हलके, स्वस्त आणि बऱ्यापैकी ताठ असते. पण पडून वा आपटून नळीला पोचा आला की आतला भाग सरकेनासा होतो. फायबरग्लास त्याहून जड आणि अधिक लवचीक असते. ते कोरडे व स्वच्छ असताना वीज वाहून नेत नाही, मात्र वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास वरचा थर झिजून त्याचे तंतू उघडे पडतात आणि हाताला टोचतात. कार्बन फायबर वजनाच्या मानाने सर्वांत ताठ असल्याने लांब दांड्यांसाठी फार चांगले, परंतु महाग असते आणि कडक आघाताने त्याला चीर जाऊ शकते. कार्बन फायबर विजेचे वाहक आहे ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. लाकूड व बांबू स्वस्त आणि सहज मिळणारे असले तरी ओल धरतात आणि ओले झाले की वीज वाहू देतात.

विजेच्या तारांचा प्रश्न यामुळे दांडा बदलून सुटत नाही. फायबरग्लासच्या दांड्यावर धूळ, घाम, चीक किंवा दव बसले की त्याचा विद्युतरोध भरवशाचा राहत नाही आणि त्यावर पाते तर पोलादाचेच असते. दांडा, पाते आणि कापली जाणारी फांदी यांपैकी काहीही तारांपासून किमान ३ मीटरच्या आत येता कामा नये, असे अंतर सामान्य माणसाने पाळावे. उच्च दाबाच्या तारांसाठी ते याहून अधिक लागते. फांदी पडताना बाजूला झोके घेते, तिचा शेंडा अपेक्षेपेक्षा दूर जातो, हेही या अंतरात धरले पाहिजे. तारांना टेकलेली फांदी वीजपुरवठा करणाऱ्या यंत्रणेच्या प्रशिक्षित कामगारांनीच काढावी.

दुकानात करवत हातात घेतल्यावर सर्वाधिक वेळ सांध्यांवर द्यावा, कारण जुन्या करवती बहुधा तिथेच निकामी होतात. पीळ देऊन आवळायचे सांधे सुटसुटीत असतात, पण आत भुसा व धूळ गेल्यावर ते घसरू लागतात आणि गोल नळी असेल तर पाते कापता कापता एका बाजूला वळते. खटक्याच्या पकडी झटकन लागतात व सुटतात; त्यांतला आवळण्याचा स्क्रू पुन्हा घट्ट करता येतो का, हे पाहून घ्यावे. स्प्रिंगची गुंडी भोकात बसणारे सांधे घसरत नाहीत, मात्र लांबी ठरावीक टप्प्यांनीच बदलता येते आणि भोके हळूहळू लांबट होतात. अनेक चांगल्या करवतींत दांड्याचा छेद लंबगोल ठेवलेला असतो. त्यामुळे भाग एकमेकांत फिरू शकत नाहीत आणि पात्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे डोळ्यांनी न पाहताही हाताला कळते. सांध्यांची परीक्षा सोपी आहे : दांडा कामाच्या लांबीएवढा उघडावा, पकडी लावाव्यात, दोन्ही टोके दोघांनी धरून पिळावीत आणि मग जोराने ओढावीत. या वेळी जाणवलेली किंचितशी ढिलाई वर पात्याच्या टोकाशी कित्येक पटींनी वाढलेली दिसते. पाते दांड्याला एका बोल्टऐवजी दोन बोल्टांनी पकडलेले असणे नेहमीच श्रेयस्कर.

पात्याची लांबी साधारणपणे ३० ते ४० सेंटिमीटर असते. ज्या फांद्या कापायच्या त्यांच्या जाडीच्या निदान दुप्पट पाते असले, तरच ओढीला पुरेसा पल्ला मिळतो आणि भुसा खाचेबाहेर पडतो. ओल्या, जिवंत लाकडाचा भुसा दमट आणि चिकट असतो. त्याला सामावून घेण्यासाठी दात्यांमधल्या खोबणी मोठ्या लागतात, म्हणजे इंचाला पाच ते आठ असे मोठे दाते. वाळलेल्या किंवा बारीक फांद्यांसाठी बारीक दाते अधिक स्वच्छ काप देतात. जुन्या पद्धतीच्या पात्यांत दाते आलटून पालटून डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, जेणेकरून खाच पात्यापेक्षा रुंद पडावी व पाते अडकू नये. नव्या पात्यांपैकी अनेकांत प्रत्येक दात्याला तीन धारा घासलेल्या असतात आणि पाते दात्यांकडून पाठीकडे पातळ होत जाते. त्यांचा काप अधिक गुळगुळीत येतो.

दात्यांच्या टोकांवर निळसर-काळी झाक दिसली, तर ती टोके विजेच्या साहाय्याने क्षणभर तापवून कडक केलेली आहेत असे समजावे. अशी धार दीर्घकाळ टिकते, पण गेली की कानस त्यावर नुसती घसरते आणि पातेच बदलावे लागते. म्हणून असे अवजार घेताना त्याच मापाचे सुटे पाते पुढेही मिळेल ना, हा प्रश्न पात्याच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा ठरतो. कानशीने घासता येणारे साधे पाते ज्यांना धार लावता येते त्यांच्यासाठी अजूनही उत्तम आहे.

फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायचे क्षेत्र चौपट होते. ५ सेंटिमीटरच्या फांदीला लागणारे श्रम १० सेंटिमीटरच्या फांदीला चौपट तरी लागतातच. हाताच्या करवतीने ८ ते १० सेंटिमीटरपर्यंतचे काम आरामात होते आणि १५ सेंटिमीटरच्या पुढे ते दुसऱ्या साधनाकडे किंवा व्यावसायिक छाटणी करणाऱ्याकडे सोपवावे. त्यात वजनाचाही भाग आहे. १० सेंटिमीटर जाडीच्या आणि ३ मीटर लांबीच्या ओल्या ओंडक्याचे वजन सुमारे २० किलो भरते.

काही अवजारांना करवतीसोबत दोरी आणि कप्पीवर चालणारी कात्रीही जोडलेली असते. सुमारे ३ सेंटिमीटरपर्यंतच्या डहाळ्या तिने एका ओढीत आणि करवतीपेक्षा स्वच्छ तुटतात. पण तिचे वजन नेमके टोकावर येते आणि दोरी दाट डहाळ्यांत अडकते. फळझाडांची बारीक छाटणी करणाऱ्यांनी ती अवश्य घ्यावी. इतरांनी काढून ठेवता येणारी असेल तरच.

पात्याच्या मुळाशी असलेला आकडा किंवा कोयतीसारखी छोटी धार ही वरवर क्षुल्लक वाटणारी, पण झाडाच्या दृष्टीने मोलाची सोय आहे. वजनदार फांदी वरून कापत आणली की शेवटच्या क्षणी ती मोडून खाली झुकते आणि खोडावरची सालीची लांब पट्टी ओढून नेते. हे टळावे म्हणून आधी खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर फांदीला खालून खाच पाडतात, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवतात आणि उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढतात. ओढून कापणाऱ्या करवतीने खालून वर कापणे अवघड असते. अशा वेळी त्या धारेने खालची साल नुसती चिरून ठेवली, तरी साल तिथेच तुटते व पुढे सोलत जात नाही.

शेवटचा काप कोठे घ्यावा याची समज अमेरिकन वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांच्या संशोधनाने बदलली. झाड जखम भरून काढत नाही. ते कुजलेला भाग आतल्या भिंतींनी वेगळा करून त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते, असे त्यांनी दाखवले आणि या प्रक्रियेचे प्रारूप १९७७ मध्ये मांडले. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगवटा असतो व त्याच्या तळाशी या संरक्षणाची मुख्य फळी असते. पूर्वी रूढ असलेला खोडालगतचा सपाट काप हा फुगवटाच छाटून टाकतो. त्यामुळे जखम मोठी होते आणि कूज खोडात शिरते. काप फुगवट्याच्या किंचित बाहेर, लांब खुंट न ठेवता घ्यायचा असतो. चार मीटर खालून, तिरप्या नजरेने, ही दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता साधायची असल्यामुळे दांड्याचा ताठपणा आणि पात्याची पकड यांना इतके महत्त्व आहे.

पूर्ण अवजाराचे वजन बहुधा २ ते ४ किलो असते, पण तेवढ्यावरून त्याचा भार कळत नाही. दांडा उघडून, कामाच्या कोनात धरून दोन-तीन मिनिटे उभे राहिल्यावर खांद्यांना जे कळते ते खरे. मूठ ओल्या हातातही घसरणार नाही अशी असावी आणि खालच्या टोकाला रबरी टोपण असावे. वापरताना हेल्मेट आणि डोळ्यांवर बंद चष्मा आवश्यक आहे, कारण वर पाहत असताना भुसा सरळ डोळ्यांत येतो.

काम झाल्यावर पात्यावरचा चीक स्पिरिटने पुसून, पाते कोरडे करून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा आणि म्यान चढवावे. म्यान करवतीसोबतच मिळते ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. सांधे उघडून आतला भुसा झटकावा. त्यांना तेल लावू नये, पकडी घसरतात. रोगट फांदी कापली असल्यास दुसऱ्या झाडाकडे वळण्यापूर्वी पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावे.