आठळीच्या फळझाडांचे विषाणूरोग : पार्श्वभूमी

पीच, प्लम, जर्दाळू किंवा चेरीच्या झाडात विषाणू शिरला की बागेत त्याला बरे करील अशी फवारणी आजही नाही. त्यामुळे सारा भरवसा निरोगी डोळकाडीवर, म्हणजे कलमासाठी डोळे घ्यायच्या फांदीवर, ठेवावा लागतो. एवढी गोष्ट पुरती कळायला शंभराहून अधिक वर्षे गेली.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या परिसरात १७९१ च्या सुमारास पीचच्या बागा पिवळ्या पडून वाळू लागल्या. दोष जमिनीला दिला गेला, हवामानाला दिला गेला. १८८८ मध्ये वनस्पतिरोगतज्ज्ञ अर्विन स्मिथ यांनी अहवाल मांडला : रोगट झाडाचा डोळा निरोगी रोपावर भरला की तेही आजारी पडते. पुढे कुंकेल या संशोधकांनी तुडतुडा हा रोग पसरवणारा कीटक शोधला आणि सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत ठेवून रोपे रोगमुक्त करून दाखवली. हा रोग विषाणूचाच, असे तेव्हा सगळे मानत. १९६७ मध्ये जपानी संशोधकांना अशा पिवळेपणाच्या रोगांमागे फायटोप्लाझ्मा हे सूक्ष्मजीव सापडले आणि ती समजूत मोडली. उष्णतेची युक्ती मात्र खऱ्या विषाणूंसाठीही कामी आली.

सर्वांत जास्त नुकसान केले ते प्लम पॉक्सने, म्हणजेच शार्काने. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बल्गेरियात दिसला आणि १९३२ मध्ये अतानासोव्ह यांनी तो विषाणूजन्य असल्याचे मांडले. पानांवर फिकट कडी उमटतात, फळे वेडीवाकडी होऊन अवेळी गळतात. जर्दाळू फोडला तर आठळीवरही पांढुरकी वर्तुळे दिसतात. एकदा पाहिलेली ही खूण विसरत नाही. मावा ही कीड हा विषाणू काही क्षणांत सोंडेवर घेते आणि लगेच शेजारच्या झाडाला देते. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. लांबच्या मुलखात मात्र हा विषाणू कलमांबरोबरच गेला.

निदानाची जुनी रीत सूचक झाडाची. संशयित डोळा शिरोफुगेन चेरीच्या फांदीवर भरायचा. काही ठरावीक विषाणू असतील तर काही आठवड्यांत भोवतालची साल काळवंडते, डिंक पाझरतो. १९७७ मध्ये क्लार्क आणि ॲडम्स यांनी वनस्पती-विषाणूंसाठी एलायझा ही प्रतिपिंडांनी विषाणू ओळखणारी चाचणी बसवली, तेव्हा वापरलेल्या विषाणूंत प्लम पॉक्सही होता. त्यानंतर विषाणूचा जनुकीय अंश शोधणारे पीसीआर आले. तरी नमुना नीट घेतला नाही तर चाचणी फसते, कारण विषाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो आणि कडक उन्हाळ्यात त्याचे प्रमाण घटते. माझ्या मते एका फांदीच्या चाचणीवर मातृवृक्षाला, म्हणजे ज्याचे डोळे कलमांसाठी घ्यायचे त्या झाडाला, निरोगी ठरवणे हा मोठा धोका आहे.

पेनसिल्व्हेनियात १९९९ मध्ये शार्का सापडला, तेव्हा १,६०० एकरांहून अधिक बागा उपटून नष्ट केल्या गेल्या. अमेरिका त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर व्हायला २०१९ उजाडले. युरोपच्या बऱ्याच भागात रोग इतका मुरला आहे की समूळ उच्चाटनाचा विचार तिथे व्यवहार्य राहिलेला नाही. तिथले काम आता प्रमाणित कलमे आणि ‘योयो’सारख्या प्रतिकारक प्लम-वाणांवर चालते.