दुधाचं खोकं पाण्यात भिजवलं तर

बराच काळ टिकणाऱ्या दुधाचं कागदी खोकं रिकामं झालं की त्याचे कात्रीने तुकडे करा आणि दोनेक दिवस पाण्यात बुडवून ठेवा. कापलेल्या कडांमधून पाणी आत शिरतं, पुठ्ठा फुगतो आणि बाहेरचं प्लास्टिक नखाने सोलता येतं. लगदा झालेला पुठ्ठा चोळून काढला की हातात उरतो एक चंदेरी पापुद्रा. हे अॅल्युमिनियम. जाडी जेमतेम साडेसहा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. तेही सुटं नसतं, पॉलिथिनला घट्ट चिकटलेलं असतं.

एवढा खटाटोप कशासाठी? जंतू आणि हवा हे दुधाचे शत्रू सगळ्यांना ठाऊक आहेत, पण उजेडाचं नाव सहसा कुणी घेत नाही. दुधात रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व असतं. दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्याला जी हिरवट-पिवळी झाक दिसते, ती त्याचीच. हा रेणू निळा आणि अतिनील प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा ऑक्सिजनच्या हवाली करतो. चेकाळलेला ऑक्सिजन मग स्निग्धांशावर आणि प्रथिनांवर तुटून पडतो. दूध नासत नाही, पण चव उतरते. त्याला ऊनच लागतं असंही नाही, ट्यूबलाइटचा उजेडही पुरतो.

म्हणून थरावर थर आले. आकार धरायला पुठ्ठा, पाणी अडवायला पॉलिथिन, उजेड आणि ऑक्सिजन अडवायला अॅल्युमिनियम. वजनाने पाहिलं तर साधारण ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के अॅल्युमिनियम. रुबेन राउसिंग यांनी १९५१ साली स्वीडनमधल्या लुंड इथे टेट्रा पाक कंपनी काढली, तेव्हाचं पाकीट चार त्रिकोणी बाजूंचं होतं. ‘टेट्रा’ हे नाव तिथूनच आलं.

पण ज्या चिकटपणामुळे दूध महिनोन्‌महिने टिकतं, तोच पुढे खोकं पुन्हा वापरात आणताना आडवा येतो. कागद गिरणीत ही खोकी पाण्याच्या मोठ्या टाकीत घुसळतात. तुम्ही बादलीत केलं तेच, फक्त काही मिनिटांत. पुठ्ठ्याचे लांब, मजबूत तंतू सुटे होतात आणि त्यांना चांगली मागणी असते. उरलेलं प्लास्टिक-अॅल्युमिनियमचं मिश्रण बहुधा दाबून छताचे पत्रे किंवा फळ्या बनवण्याकडे जातं. हे काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्या पत्र्याचं पुन्हा खोकं होत नाही, हेही खरं.

त्यापुढे एचडीपीई प्लास्टिकची दुधाळ रंगाची बाटली अगदी साधी. एकच पदार्थ, तळाशी त्रिकोणात २ हा आकडा. हे आकडे १९८८ साली अमेरिकेत आले, ते प्लास्टिकची जात ओळखायला. त्रिकोण दिसला म्हणजे वस्तू पुन्हा वापरात येणारच, हा समज मात्र त्या बाणांच्या चित्राने उगाच पसरवला.

बाटली पेटची, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या पारदर्शक प्लास्टिकची असेल तर आकडा १. दोन्हींचे तुकडे पाण्यात टाकून बघा: एचडीपीई तरंगतं, पेट बुडतं. पाण्याची घनता १ धरली तर पहिल्याची सुमारे ०.९५, दुसऱ्याची १.३८. कारखान्यातही कुटलेलं प्लास्टिक याच युक्तीने वेगळं करतात. दोन्ही मिसळली तर पंचाईत होते, कारण एचडीपीई १३० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि पेटला अडीचशेच्या आसपास तापमान लागतं. एचडीपीईच्या रसात पेटचे कण खड्यांसारखे तसेच राहतात आणि नवी बाटली नेमकी तिथेच फुटते.

पिशवी असेल तर कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. एवढासा कपटा वर्गीकरणाच्या चाळणीतून निसटतो.

आणि रिकामं भांडं लगेच विसळा. तळाशी राहिलेल्या दुधातल्या स्निग्धांशाचं विघटन होऊन ब्युटिरिक आम्ल सुटतं, ज्याचा वास उलटीसारखा येतो. पॉलिथिन असे वास शोषून घेतं. वास वरवर चिकटलेला नसतो, प्लास्टिकच्या अंगात मुरलेला असतो, त्यामुळे नंतर कितीही धुतलं तरी तो सहजी जात नाही.